सहावा काटा

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपला पाच काटे होते : वेग, पेट्रोल, ऑइलचा दाब, पाण्याचं तापमान आणि बॅटरीचा करंट. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं, हे दाखवणारा टॅकोमीटर नव्हता. १९४०च्या दशकाअखेरीस महिंद्रांनी मुंबईत त्याच घराण्यातल्या जीपची जोडणी सुरू केली.

जव्हार-मोखाड्याच्या घाटात माझे अब्बा तशीच जीप चालवत. गिअर कधी बदलायचा, ते कान सांगे. पुढं ऐकू कमी येऊ लागलं, आणि अब्बा पहिल्याच गिअरमध्ये इंजिन ताणू लागले. मिस्त्रीनं कॉइलपासून वायर ओढून टॅकोमीटर बसवला. काटा अडीच हजारांवर आला, की अब्बा गिअर बदलत.

जुने पाच काटे मात्र त्यांनी हलवू दिले नाहीत.