दुष्काळात गायरान कुणाचे?

दुष्काळ पडला, चारा संपला की गावात बोट दाखवले जाते ते गायरानावर पोट भरणाऱ्या भूमिहीनांकडे. "यांनी अतिक्रमण केले, म्हणून गुरांना चराई उरली नाही." मित्रांनो, हा आरोप इतिहासावर घासून पाहिला पाहिजे.

१८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळले. अशा काळात गुरे जगवायला रान आणि गायरान हाच आधार. पण १८७८ मध्येच ब्रिटिशांनी नवा वन कायदा आणला. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हे दुखणे अचूक पकडले: जंगलखात्याने डोंगर-दऱ्यांबरोबर गायरानेही घशात घातली, गरिबाच्या शेळ्यांनाही चरायला जागा ठेवली नाही. म्हणजे चाराटंचाई फक्त आभाळातून येत नाही, ती सरकारी कागदावरही तयार होते.

त्यात जातीचा हिशेब वेगळाच. जिवंत गुरे गावाची, मेलेले ढोर महारवाड्याचे! दुष्काळात ढोरे ओढण्याचे काम आपल्या वाट्याला, जमीन मात्र नाही. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मृतमांस सोडायला सांगितले. पण ते सोडल्यावर जगायचे कशावर? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांनी याचे उत्तर मागितले: पडीक जमीन भूमिहीनांना द्या. त्यासाठी लाखो लोक तुरुंगात गेले.

२०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवायला सांगितले. पण सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनीचा अपवाद त्याच निकालात आहे. नोटिसा वाटताना तो कुणी वाचून दाखवत नाही. आज सौर प्रकल्पांसाठी गायराने दिली जातात, तेव्हा गुरांची आठवण कुणाला होते?

गायरान राखलेच पाहिजे. पावसाळ्यात त्याचा काही भाग चराईला बंद ठेवावा, वाढलेले गवत कापून गंजी रचावी, टंचाईत ते वाटावे. पण वाटप ठरवणार कोण? दहा गुरांचा मालक, की दोन शेळ्यांवर घर चालवणारी विधवा? चराईबंदी झाली तर पहिला फटका तिलाच बसतो. म्हणून ग्रामसभेत आधी गायरानाचा सातबारा मागा, कुणाला किती जमीन गेली ते विचारा, आणि गवताच्या वाटपात भूमिहीनांचा हिस्सा ठरावात लिहून घ्या.

जय भीम!