माकडांची गणती आणि एक बंदी

1 एप्रिल 1978 पासून भारताने ऱ्हीसस माकडांची निर्यात पूर्णपणे थांबवली. पंतप्रधान होते मोरारजी देसाई. या निर्णयाची गोष्ट सहसा हनुमानावरच्या श्रद्धेपाशी आणून संपवली जाते. श्रद्धेचा वाटा होताच. पण ती आधीही होती आणि तरीही माकडांचे पिंजरे विमानांत चढतच होते. मग वेगळे काय घडले?

जोनास साल्क यांच्या पोलिओ लसीसाठी लागणारे विषाणू माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवत. 1955 मध्ये लसीला मान्यता मिळाली आणि उत्तर भारतातल्या या लाल तोंडाच्या माकडांना प्रचंड मागणी आली. त्या दशकाच्या अखेरीस वर्षाला लाखाहून जास्त माकडे परदेशी जात होती. वापर लस आणि वैद्यकीय संशोधनापुरताच व्हावा, अशी भारताची अट होती. लसीने असंख्य मुलांना पांगळेपणापासून वाचवले, हे नाकारता येत नाही. प्रश्न अट कोण तपासणार, हा होता.

दुसरा प्रश्न, माकडे उरली किती? तो अलीगढ मुस्लिम विद्यापीठात विचारला गेला. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स साउथविक यांनी 1959-60 मध्ये मिर्झा अझहर बेग आणि रफिक सिद्दीकी यांच्यासोबत उत्तर प्रदेशातली गावे, देवळे, रस्ते आणि कालवे पालथे घालून माकडे मोजली. अनेक कळपांत वाढत्या वयाची पिल्ले फारच कमी दिसली. व्यापाऱ्यांना नेमकी तीच हवी असत. म्हणजे कळपाची पुढची पिढीच उचलली जात होती. अलीगढच्या परिसरात ही गणती पुढे अनेक वर्षे चालू राहिली.

अटीचा प्रश्न शर्ली मॅकग्रील यांनी धसास लावला. त्यांनी 1973 मध्ये थायलंडमध्ये ‘इंटरनॅशनल प्रायमेट प्रोटेक्शन लीग’ स्थापन केली होती. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत माकडांना घातक किरणोत्सर्ग देऊन, मरेपर्यंत ती किती काम करू शकतात हे पाहिले जात होते. हे अण्वस्त्रांसाठीचे संशोधन होते. संस्थेने ही माहिती भारतीय वृत्तपत्रांपर्यंत पोहोचवली. लसीच्या नावाने गेलेला जीव युद्धाच्या तयारीत खर्ची पडत होता. 1977 मध्ये बंदी जाहीर झाली. 1979 मध्ये बांगलादेशानेही निर्यात बंद केली.

भावना पूर्वीपासून होती. तिला 1977 मध्ये आकड्यांचा आणि पुराव्याचा आधार मिळाला. हे आज आठवण्याचे कारण आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर, 1 एप्रिल 2023 पासून ऱ्हीसस माकड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातून वगळले गेले. पिकांची नासधूस सोसणाऱ्या शेतकऱ्याची तक्रार खरी आहे, तिला उत्तर मिळायलाच हवे. पण कायद्याचे कवच काढले, तर पकडलेले माकड कुठे जाते आणि कळपात किती उरतात याची नोंद कोणी तरी ठेवलीच पाहिजे. अलीगढच्या त्या अभ्यासकांनी ती पायी फिरून ठेवली होती.