कपोन कुठे हरला

शिकागोला पाहुणे आले की विलिस टॉवर, मिलेनियम पार्कमधलं ते चकचकीत ‘बीन’ आणि सरोवराचा काठ बघून होतो, आणि मग विचारणा येतेच: अल कपोनचं काही दाखवाल का? मी त्यांना डिअरबॉर्न आणि अ‍ॅडम्स रस्त्यांच्या कोपऱ्यावर नेते. तिथे काल्डरचं 53 फूट उंच, लालभडक ‘फ्लेमिंगो’ शिल्प आहे. 1974 साली उभारलेलं. मागे मीस व्हान डेर रोहेच्या काळ्या पोलादी सरकारी इमारती. पाहुणे फोटो काढतात आणि विचारतात, यात कपोन कुठे? याच जागेवर पूर्वी मोठ्या घुमटाची केंद्र सरकारची इमारत होती. तिच्यातल्या न्यायालयात ऑक्टोबर 1931 मध्ये टोळीप्रमुख कपोन कर चुकवल्याबद्दल दोषी ठरला. साठच्या दशकात ती पाडली.

लोकांना बघायचा असतो तो नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवरचा 2122 क्रमांक. 14 फेब्रुवारी 1929 च्या सकाळी तिथल्या गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांपैकी काही पोलिसांच्या गणवेशात आले होते. संशय कपोनवर होता, पण तो त्या दिवशी फ्लोरिडात होता. मेलेल्यांत जॉन मे नावाचा गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक होता आणि राइनहार्ट श्विमर हा चष्मेवाला. त्यांची नावं कुणाला ठाऊक नसतात. याचा मला खरोखर राग येतो. या हत्याकांडासाठी कुणालाही कधी शिक्षा झाली नाही. 1967 साली गॅरेज पाडलं, तेव्हा त्या भिंतीच्या विटा कॅनडातल्या एका माणसाने विकत घेतल्या. पुढे त्या व्हँकूव्हरमधल्या नाइटक्लबच्या पुरुषांच्या स्वच्छतागृहात बसवल्या गेल्या. आता त्यांतल्या बऱ्याच लास व्हेगासच्या संग्रहालयात आहेत. क्लार्क स्ट्रीटवर उरली आहे ती हिरवळ. माणसं विसरायची आणि विटा जपायच्या, हे मला पटत नाही.

मी आयुष्यभर हिशेब तपासले, म्हणून मला या कथेत बंदुकीपेक्षा वही जास्त खुणावते. दारूबंदी 1920 पासून होती. बेकायदा दारू आणि जुगार यांतून कपोनकडे पैसा येत होता, पण त्याच्या नावावर ना बँक खातं, ना मालमत्ता. त्याने आयकराचं विवरणपत्रच कधी भरलं नव्हतं. 1927 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की बेकायदा मिळकतीवरही कर लागतो. त्या निकालाने वाट उघडली, पण मिळकत सिद्ध कशी करायची?

कोषागार खात्याचा फ्रँक विल्सन जुने कागद चाळत बसला. 1926 मध्ये सिसेरो या उपनगरात सरकारी वकील मॅकस्विगिन मारला गेला, तेव्हा पोलिसांनी जुगाराच्या अड्ड्यांवर छापे घातले होते. तिथे जप्त झालेल्या वह्या चार वर्षं कपाटात धूळ खात होत्या. त्यांतल्या एकीत जुगारातला नफा कुणाकुणात वाटला, याच्या नोंदी होत्या. विल्सनने त्या नोंदींचं हस्ताक्षर बँकेच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहिलं आणि लिहिणारा शोधला: हिशेबनीस लेस्ली शमवे. तो मायामीत सापडला. त्याने न्यायालयात साक्ष दिली. त्याचे मालक कोण होते, हे त्याला पक्कं माहीत होतं. हे लक्षात घेतलं की ती साक्ष किती धाडसाची होती ते कळतं. कपोनवरचे सिनेमे मी पाहते, पण शमवेसारख्या माणसाला त्यांत पुरेशी जागा मिळत नाही, असं मला वाटतं.

खटल्याच्या आधी खबर आली की ज्युरीच्या यादीतली नावं कपोनच्या माणसांकडे पोचली आहेत. न्यायाधीश जेम्स विल्करसनने ऐन सुरुवातीला आपल्या न्यायालयातले ज्युरी दुसऱ्या न्यायालयातल्या ज्युरींशी बदलून टाकले. निकाल लागला: 11 वर्षं कैद आणि 50,000 डॉलर दंड.

ती खबर देणारा म्हणून एडी ओहेअरचं नाव घेतात. हा स्वतः धुतल्या तांदळासारखा नव्हता. कपोनच्या कुत्र्यांच्या शर्यतींचा धंदा तोच बघायचा. पण तोच सरकारला आतली माहितीही देत होता. 8 नोव्हेंबर 1939 रोजी ऑग्डन अ‍ॅव्हेन्यूवर त्याच्या मोटारीत त्याला गोळ्या घातल्या. आठ दिवसांनी कपोन तुरुंगातून सुटला. ओहेअरचा मुलगा बुच नौदलात वैमानिक होता. फेब्रुवारी 1942 मध्ये पॅसिफिक महासागरावर जपानी बॉम्बफेकी विमानांवर एकट्याने चाल करून जाण्याबद्दल त्याला देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. दुसऱ्याच वर्षी तो युद्धात मारला गेला. 1949 साली शिकागोने आपल्या विमानतळाला त्याचं नाव दिलं. माझे पाहुणे तिथेच उतरलेले असतात.