निकोडेमस : एका मुक्त वसाहतीचा प्रारंभकाळ

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील गांव म्हटलें कीं घोडेस्वार, पिस्तुलें आणि सोन्याच्या खाणी असें चित्र वाचकांच्या मनांत उभें राहतें. आम्ही येथें ज्या गांवाचा विचार करणार आहों, तें अगदीं निराळें आहे. कॅन्सस संस्थानाच्या वायव्य भागांत, सॉलोमन नदीजवळ असलेलें निकोडेमस हें दास्यांतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय लोकांनीं वसविलें.

१८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. परंतु दक्षिणेंतील जमीन बहुतांशीं जुन्या धन्यांच्याच हातीं राहिली. मुक्त झालेला मनुष्य तीच जमीन बटाईनें कसूं लागला आणि कर्जांत बुडाला. म्हणून १८६२ च्या कायद्याचें त्यास आकर्षण वाटलें. पांच वर्षें राहून जमीन कसणारास त्या कायद्यान्वयें १६० एकर सरकारी जमीन मिळत असे. १८७७ च्या एप्रिलमध्यें डब्ल्यू. आर. हिल हा जमिनीचा गोरा व्यापारी व डब्ल्यू. एच. स्मिथ हा कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनीं निकोडेमसची आंखणी केली. केंटकींत पत्रकें वांटलीं गेलीं. आणि सप्टेंबरांत सुमारें ३०० माणसें एलिस स्टेशनावर उतरून तेथून पस्तीसएक मैल पायीं चालत गेलीं.

पत्रकांतील वर्णन आणि माळावरील वस्तुस्थिति यांत महदंतर होतें. १८७८ च्या वसंतांत आलेल्या विलियाना हिकमन या बाईंची आठवण प्रसिद्ध आहे. गांव कोठें म्हणून त्या पाहूं लागल्या, तों जमिनींतून धूर निघतांना दिसला. माळावर लांकूड नसल्यामुळें लोक जमीन खोदून आंत राहत होते. तें पाहून त्यांना रडूं कोसळलें. पुष्कळ कुटुंबें माघारीं फिरलीं. जीं राहिलीं त्यांनीं जनावरांच्या अभावीं कुदळ-फावड्यानें जमीन फोडली. पहिल्या हिवाळ्यांत शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनीं आपल्याजवळील मांस त्यांस दिलें, असें तेथील परंपरा सांगते. या ओसेजांची कॅन्ससमधील भूमि थोड्याच वर्षांपूर्वीं त्यांच्या हातून गेली होती, हें विसरतां कामा नये. एकाची मुक्ति दुसऱ्याच्या विस्थापनावर उभी होती.

पुढें दहा वर्षांत तेथें दुकानें, चर्चें, शाळा व दोन वृत्तपत्रें झालीं. येथें आलेला एडवर्ड मॅकेब हा १८८२ सालीं संस्थानाचा हिशेबतपासनीस म्हणून निवडून आला. आतां उणीव होती ती आगगाडीची. १८८७ मध्यें लोकांनीं मिसूरी पॅसिफिक कंपनीसाठीं १६,००० डॉलरांचे कर्जरोखे मंजूर केले. पण तो रस्ता आलाच नाहीं. १८८८ सालीं युनियन पॅसिफिकनें आपले रूळ नदीपलीकडून, कांहीं मैल दूर नेले. आणि निकोडेमसचे व्यापारी आपलीं दुकानें उचलून बोग येथील नव्या वस्तीकडे गेले.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ दास्यविमोचनाबद्दल अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला, हें आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. त्यानंतर चारच वर्षांनीं वसलेलें हें गांव त्या विमोचनाचा उत्तरार्ध सांगतें. बेडी कायद्यानें तुटते, परंतु मोकळ्या झालेल्या पायांखालीं स्वतःची जमीन लागते. आणि जमीन मिळाली तरी बाजाराचा रस्ता दुसऱ्याच्याच हातीं राहूं शकतो.

व्यापार व लोकसंख्या यांच्या मापानें निकोडेमस हरलें असें कोणी म्हणेल. १९५३ सालीं तेथील डाकघरहि बंद झालें. आम्हांस हें माप अपुरें वाटतें. रूळ गेल्यावर दुकानदार गेले, पण अनेक शेतकरी आपल्या जमिनीवर टिकून राहिले. १९९६ सालीं अमेरिकन सरकारनें गांवास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. त्याच्याहि पूर्वीपासून, दरवर्षीं उन्हाळ्यांत, दूरदूर विखुरलेले वंशज मुक्तिदिनाच्या उत्सवासाठीं तेथें परत येत आले आहेत. ज्या पूर्वजांस परतण्याजोगें स्वतःचें असें ठिकाण नव्हतें, त्यांनीं तें आपल्या मुलांनातवंडांस मिळवून दिलें, एवढें तरी इतिहासकारानें त्यांच्या खातीं जमा धरलें पाहिजे.