किल्ली शिपायाकडे!

४ जुलै १९९७ रोजी 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक मध्येच आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. जमवलेली माहिती नाहीशी झाली, असे आम्ही अनेकदा वाचले आहे. ते खरे नाही. माहिती स्मृतीत शाबूत राही. त्या दिवसाची उरलेली कामे मात्र दुसऱ्या दिवसावर जात.

शाळेचेच उदाहरण घेऊ. दप्तरखोलीची एकुलती एक किल्ली शिपायाकडे आहे. मुख्याध्यापक दाराशी ताटकळले आहेत आणि शिक्षक शिपायाला भलत्याच कामांना पिटाळताहेत. यानात हवामानाच्या नोंदी करणारे काम म्हणजे शिपाई आणि माहितीची वाहतूक सांभाळणारे काम म्हणजे मुख्याध्यापक. ही वाहतूक सेकंदाला ८ वेळा पुरी व्हावी लागे. ती अडली, की देखरेख करणारा भाग सारा संगणकच नव्याने सुरू करी.

जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांनी पृथ्वीवरील तशाच संगणकावर तोच बिघाड घडवून आणला. शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांच्या १९९० च्या शोधनिबंधात उपाय होताच: किल्ली हाती असेपर्यंत शिपायाला मुख्याध्यापकांचा दर्जा द्यायचा. यानाच्या प्रणालीत ही सोय होती, पण बंद ठेवलेली! पृथ्वीवरून संदेश पाठवून ती चालू केली गेली. यान उतरण्यापूर्वीही हा बिघाड दिसला होता. पण शोधायला बसल्यावर तो पुन्हा दिसेना.