डीबग (जावास्क्रिप्ट लायब्ररी)

प्रोग्राममधील चुका शोधण्यासाठी संदेश छापणारी छोटी, मुक्त-स्रोत लायब्ररी. मूळ कर्ते टी. जे. होलोवेचुक, एमआयटी परवाना. प्रत्येक विभागाला ‘ॲप:डेटाबेस’ असे नाव देतात. नोड.जेएसमध्ये ‘डीबग’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये नाव लिहिले की तेवढ्याच विभागाचे संदेश उमटतात, बाकीचे गप्प राहतात. तारांकनाने सगळे उघडतात, वजाचिन्हाने नकोसे गळतात. दोन संदेशांमधला वेळही शेजारी दिसतो. संथ कोड पकडायला ही सोय फार मोलाची. ‘एक्सप्रेस’ ही वेब-चौकट याच लायब्ररीवर विसंबते, त्यामुळे कुणी एक्सप्रेस बसवले की डीबगही आपसूक येते. याच सर्वव्यापीपणामुळे सप्टेंबर २०२५मधला हल्ला गंभीर ठरला : बनावट ईमेलने देखभालकर्त्याचे खाते बळकावून ४.४.२ आवृत्तीत क्रिप्टोचलन वळवणारा कोड घुसवला गेला. ती आवृत्ती काही तासांतच हटवली गेली.