नृत्यशाळेचे दार आणि आईबापांची शिदोरी

विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्याचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकावरील सभांत आणि पगारवाढीच्या वाटाघाटींत गेले, त्याने नृत्यशाळांचा इतिहास सांगावा हे जरा चमत्कारिकच. परंतु हा विषय मला परका वाटत नाही. सतरा वर्षांचे पोर छातीवर क्रमांकाचा कागद लावून उभे राहते, आत बसलेली चार माणसे त्याला घ्यावयाचे की नाही ते ठरवतात, आणि बाहेर बाकावर त्याची आई बसलेली असते. भरतीच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी मी वर्षानुवर्षे हेच पाहत आलो. म्हणून अमेरिकेत कॉलेजात नृत्य शिकू इच्छिणाऱ्या मुलांच्या निवड-चाचण्यांविषयी, ज्यांना तिकडे ऑडिशन म्हणतात त्यांच्याविषयी, वाचू लागलो तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो हा: या चाचणीचा खर्च कोण करतो, आणि पूर्वी कोण करीत असे?

या प्रश्नाचा धागा धरून आपण मागे गेलो तर रशियात पोचतो. सेंट पीटर्सबर्ग येथे १७३८ साली झां-बातिस्त लांदे या फ्रेंच नृत्यशिक्षकाने सम्राज्ञी अ‍ॅनाच्या आश्रयाने नृत्यशाळा काढली. तिचे पहिले विद्यार्थी म्हणजे राजवाड्यातील नोकरचाकरांची बारा मुले आणि बारा मुली. राजाला नर्तक हवे होते, म्हणून राजाने खर्च केला. दीडशे वर्षांनी त्याच शाळेच्या दाराशी एक धुणे धुणारी बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीचे नाव अ‍ॅना पाव्हलोवा. १८९० साली आईने तिला ‘स्लीपिंग ब्यूटी’ हा बॅले दाखवला होता आणि तेव्हापासून पोरीने नर्तिका होण्याचा ध्यास घेतला होता. पहिल्या खेपेस ती वयाने लहान आणि अंगाने किरकोळ म्हणून परत पाठवली गेली. आईने पुन्हा आणली. १८९१ साली प्रवेश मिळाला आणि १८९९ साली ती शिक्षण पुरे करून बाहेर पडली. हीच पाव्हलोवा पुढे मुंबईला येऊन नाचून गेली आणि १९२३ साली तिने आपल्या उदय शंकरांना लंडनच्या रंगभूमीवर आपल्या जोडीने उभे केले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की धोबिणीला एकदा दार ओलांडेपर्यंतच मुलीचा भार वाहावा लागला. आत गेल्यावर जेवणखाण, कपडालत्ता, शिक्षण हे सर्व सरकारी खजिन्यातून होई. झारशाहीचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तो खजिना शेतकऱ्यांच्या घामाचा होता. पण पैसा कोठून आला की दाराशी कोणाचे मूल पोचू शकते, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

पॅरिसमध्ये व्यवस्था निराळी होती. तेथील ऑपेराची नृत्यशाळा १७१३ सालची. एकोणिसाव्या शतकात तिथे गरिबांच्या मुली फार. लोक त्यांना ‘छोटे उंदीर’ म्हणत. मुलगी नाचते ती दोन पैसे घरी आणते म्हणून. आई सोबत येते ती राखणीसाठी. कारण ऑपेराचे श्रीमंत वर्गणीदार पडद्यामागे मोकळेपणाने येत आणि त्यांची नजर नेहमी कलेवरच असे असे नाही. चित्रकार देगाने ज्या चौदा वर्षांच्या मुलीचा मेणाचा पुतळा १८८१ साली प्रदर्शनात मांडला ती मारी व्हान गोएथेम याच मुलींपैकी एक. बेल्जियमहून आलेल्या गरीब कुटुंबातली. तिची आईही धोबीण. १८८२ साली गैरहजेरीबद्दल दंड होता होता मारीला कामावरून कमी करण्यात आले आणि ती इतिहासातून नाहीशी झाली. तिची धाकटी बहीण मात्र तिथेच टिकली आणि पुढे शिक्षिका झाली. एकाच धोबिणीच्या दोन मुली, एकच दार, आणि दोन तऱ्हेची आयुष्ये! गैरहजेरी मांडणाऱ्या हजेरीपटावर घरची अडचण मांडण्याचा रकाना नसतो, हे आपल्या कामगार बंधूंना सांगण्याची गरज नाही.

आता अमेरिकेकडे वळू. नृत्य हा विद्यापीठाचा विषय होऊ शकतो हे तिथे प्रथम विस्कॉन्सिन विद्यापीठाने मान्य केले. मार्गारेट एच-डूब्लर या बाई मुलींच्या शारीरिक शिक्षण विभागात होत्या. त्यांचा अभ्यास जीवशास्त्राचा आणि काम बास्केटबॉल शिकवण्याचे. त्यांच्या खटपटीने १९२६ साली तिथे नृत्याचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९३४ साली बेनिंग्टन येथे मार्था हिल यांनी नृत्याची उन्हाळी शाळा सुरू केली, आणि त्याच मार्था हिल १९५१ साली न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेतील नृत्यविभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या. येथून कॉलेजच्या दाराशी निवड-चाचणी ही गोष्ट दृढ होत गेली.

पण कॉलेजांच्या या मोठ्या रस्त्याला लागून एक गल्ली होती, आणि माझ्या मते खरा इतिहास त्या गल्लीत घडला. न्यूयॉर्कच्या पूर्वभागात रशिया-पोलंडहून आलेले गरीब ज्यू राहत. स्त्रिया कपड्यांच्या कारखान्यांत शिवणकाम करीत. त्यांची मुले रस्त्यावर वाऱ्यावर राहू नयेत म्हणून समाजसेवकांनी वस्त्यांतून ‘सेटलमेंट हाऊस’ नावाची केंद्रे चालवली होती. शाळा सुटल्यावर मुलांना तिथे गाणे, नाटक, नाच फुकट किंवा नाममात्र पैशांत शिकता येई. अ‍ॅना सोकोलो ही अशीच एक मुलगी, जन्म १९१० चा. वडील दुखण्याने खचलेले, आई सारा शिवणकामगार आणि कामगार संघटनेची सभासद. मुलगी सुरक्षित जागी राहावी म्हणून आईनेच तिला त्या केंद्रात धाडले. मुलीला मात्र नृत्याचे वेड लागले. हाच आपला व्यवसाय असे ती म्हणू लागताच आई भडकली. नाचणारी बाई म्हणजे वाया गेलेली बाई, असे तिचे मत. पंधराव्या वर्षी अ‍ॅनाने घर सोडले. पुढे ती मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यमंडळीत नाचली, स्वतःच्या रचना केल्या, आणि १९५८ पासून जुलियार्डमध्ये शिकवू लागली.

या साराबाईला आपण दोष द्यावयाचा काय? मला तसे वाटत नाही. ‘नाचणारीण’ हा शब्द आपल्या मराठीत कोणत्या सुरात उच्चारला जातो ते आठवा, म्हणजे तिची भीती समजेल. शिवाय सुईवर घर चालवणारी बाई हिशेब जाणते. नर्तिकेला किती दिवस काम आणि किती दिवस उपास, हे तिला कोणी सांगू शकत नव्हते. ऑपेरा आणि नृत्याच्या क्षेत्रातील कलावंतांची अमेरिकन गिल्ड ऑफ म्युझिकल आर्टिस्ट्स ही संघटना १९३६ साली स्थापन झाली. म्हणजे सारा घाबरली त्या काळी तिच्या मुलीच्या पाठीशी करार नव्हता, किमान वेतन नव्हते. आईबापांचा विरोध पुष्कळदा कलेला नसतो, उपासमारीला असतो. पगाराची हमी वाढली की घराघरांतला विरोध कमी होतो.

त्याच गल्लीतली आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३२ च्या फेब्रुवारीत केंटकीच्या कोळसा-खाणीतील संपात हॅरी सिम्स नावाचा तरुण संघटक गोळी लागून मेला. त्याच्या अंत्ययात्रेच्या प्रसंगातून प्रेरणा घेऊन न्यूयॉर्कच्या काही तरुण नर्तिकांनी ‘न्यू डान्स ग्रुप’ काढला. त्यांची फी होती दहा सेंट. तेवढ्या पैशांत एक तास नृत्याचे तंत्र, एक तास स्वतः रचना करण्याचा सराव, आणि एक तास सामाजिक प्रश्नांवर चर्चा! दाराशी चाचणी नाही, क्रमांकाचा कागद नाही. कारखान्यातून सुटलेली मुलगी सरळ वर्गात येई. या वर्गांतून सगळेच मोठे कलावंत झाले नाहीत, पण दार किती रुंद करता येते हे त्यांनी दाखवून दिले.

दार अरुंद करण्याची दुसरीही एक रीत होती, ती कातडीच्या रंगाची. जॅनेट कॉलिन्स या काळ्या मुलीचे वडील शिंपी आणि आई शिवणकाम करणारी. मुलीच्या शिकवणीची फी देण्यास पैसे नसत, म्हणून आई नृत्याच्या कार्यक्रमांचे पोशाख शिवून देई. पंधरा-सोळा वर्षांची असताना जॅनेट एका नामांकित बॅले मंडळीच्या चाचणीस गेली. तिचे नृत्य पसंत पडले. मग तिला सांगण्यात आले की रंगमंचावर तोंडाला पांढरा रंग फासावा लागेल. तिने नकार दिला आणि ती परत आली. १९५१ साली ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची प्रमुख नर्तिका झाली. आईने रात्री जागून शिवलेले पोशाख मुलीला त्या दारापर्यंत घेऊन गेले. दाराची चौकट मात्र आईच्या सुईने बदलणारी नव्हती. ती बदलण्यास चळवळ लागली आणि सार्वजनिक पैसा लागला. न्यूयॉर्क शहराने १९४७ साली कलांचे सरकारी हायस्कूल काढले. तिथे चाचणी होती, पण फी नव्हती. हार्लेमचा आर्थर मिचेल, ज्याच्यावर बाराव्या वर्षीच घरखर्चाचा भार पडला होता, तो तिथून १९५२ साली बाहेर पडला तेव्हा बेनिंग्टन कॉलेज त्याला शिष्यवृत्ती देऊ करीत होते. त्याने ती नाकारून बॅलेची शाळा धरली, १९५५ साली न्यूयॉर्क सिटी बॅलेत गेला, आणि १९६९ साली हार्लेमच्याच मुलांसाठी ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ उभे केले.

आता आजची स्थिती पाहू. अमेरिकेतील पुष्कळशा कॉलेजांत नृत्याच्या व्यावसायिक पदवीसाठी दोन दारे ओलांडावी लागतात: एक अभ्यासाचे, दुसरे कलेचे. आधी मुलाने आपल्या नृत्याचे चित्रण पाठवावयाचे. ते पसंत पडले तर हिवाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्च या महिन्यांत, प्रत्यक्ष चाचणीस जावयाचे. सकाळी बॅलेचा वर्ग, मग आधुनिक नृत्याचा वर्ग. काही ठिकाणी प्रत्येक वर्गानंतर क्रमांक वाचून दाखवतात. ज्याचा क्रमांक नाही त्याने पिशवी उचलून घरी जावे. जे उरतील त्यांनी दीड-दोन मिनिटांचे एकट्याचे नृत्य करावयाचे, शेवटी मुलाखत. जुलियार्डमध्ये दर वर्षी सुमारे चोवीस मुले घेतात. १७३८ साली राजवाड्यातील नोकरांची मुलेही चोवीसच होती! संख्या तीच राहिली, पण दाराशी कोण पोचते ते बदलले.

कारण हिशेब असा आहे. एका कॉलेजावर भिस्त ठेवता येत नाही म्हणून मूल आठ-दहा ठिकाणी अर्ज करते. प्रत्येकाची अर्जाची फी निराळी. मग विमानाचे भाडे, हॉटेल, चित्रणाचा खर्च, झपाट्याने झिजणारे बॅलेचे बूट, आणि त्याआधी दहा वर्षे खाजगी वर्गांची फी. तरुण मुलाला परगावी एकटे पाठववत नाही, म्हणून आई किंवा बाप बरोबर जातो. त्या देशात भरपगारी रजा देण्याची सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही. १९९३ च्या कायद्याने मिळते ती बिनपगारी रजा, तीही आजारपण, बाळंतपण अशा कारणांसाठी. म्हणजे तासावर पगार घेणारी आई मुलाबरोबर गेली की तिचा खाडा पडतो आणि पगार बुडतो. गरीब विद्यार्थ्यांसाठी तेथील सरकारने १९७२ साली अनुदान सुरू केले, ज्याला १९८० पासून पेल ग्रँट म्हणतात. ती चांगलीच गोष्ट आहे. पण अनुदान मिळते दार ओलांडल्यावर, आणि हा सगळा खर्च दाराच्या अलीकडचा आहे. धोबिणीची मुलगी नेमकी येथे अडते.

२०२० च्या साथीत प्रत्यक्ष चाचण्या थांबल्या आणि मुले घरून कॅमेऱ्यासमोर नाचू लागली. प्रवासाचा खर्च वाचला हे खरे. परंतु दोन खोल्यांच्या घरात उडी मारण्यास जागा लागते, हे कॅमेऱ्याला कोणी समजावून सांगावे?

मग आईबापांनी करावे काय? मला या इतिहासातून तीन गोष्टी दिसतात. पहिली, सोबत दारापर्यंतच करावी. पाव्हलोवाची आई दोन वेळा दाराशी आली, पण आत तिच्यासाठी कोणी नाचले नाही. निवड कशी झाली याची परीक्षकांशी हुज्जत मुलाच्या वतीने आईबापांनी घालू नये. त्याने मुलाचा कणा मोडतो. दुसरी, नकार आला तर त्यास मुलाच्या योग्यतेवरचा शेवटचा निकाल समजू नये. जागा चोवीस असतात तेव्हा पंचविसावा मूर्ख नसतो. तिसरी, खर्चाचा आकडा मुलापासून लपवू नये आणि त्याच्या डोक्यावर उपकार म्हणूनही ठेवू नये. सतरा वर्षांचे मूल घरचा हिशेब समजू शकते.

आणि समाजाने काय करावे? आपल्याकडेही आता बडोद्याचे सयाजीराव विद्यापीठ, मुंबईचे नालंदा नृत्यकला महाविद्यालय, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र अशा ठिकाणी नृत्याची पदवी घेता येते. तालुक्याच्या गावातील एखादी मुलगी तिथे जाऊ इच्छिते तेव्हा तिच्या बापाला एस.टी.चे भाडे, दोन दिवसांचा खाडा आणि शेजाऱ्यांचे बोलणे या तिन्हींचा हिशेब करावा लागतो. शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थांनी, आमच्या कामगार संघटनांनीसुद्धा, दाराअलीकडचा हा खर्च आपल्या खात्यात धरावा. जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेल्या दोन दिवसांची मजुरी एवढी रक्कम मोठी नसते. पण ती नसल्यामुळे जी मुले दाराशी पोचलीच नाहीत, त्यांची नोंद कोणत्याही परीक्षकाच्या वहीत सापडत नाही.

कला ही ईश्वरी देणगी आहे असे म्हणतात. असेलही. पण ती घेऊन दाराशी जाण्यास गाडीभाडे लागते, आणि ते कोणी भरावे हे माणसांनी ठरवावयाचे आहे. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.